सव्वा मूठ

“मोजणी संध्याकाळी आहे,” नाना म्हणाले. “तोवर तुम्ही लेणी बघून परत येता. जा, बस जीपमध्ये.”

“नक्की संध्याकाळी ना?”

“अरे, मी खोटं सांगेन का तुला?” नानांनी माझ्या केसांतून हात फिरवला. “पोटभर खा, भरपूर हिंड. आल्यावर तुझा हात मी धरीन. ठरलंय ना आपलं?”

ठरलं तर होतंच. नाशिकहून निघायच्या कितीतरी आधीपासून मी रोज गव्हाच्या डब्यात हात घालून मूठ भरायचा सराव करत होतो. नानांनीच शिकवलं होतं मला. बोटं एकमेकांना चिकटवायची, अंगठा वर दाबायचा, आणि हात सावकाश बाहेर काढायचा. असं केलं की एक दाणा खाली पडत नाही. आई म्हणायची, पुरे आता, गव्हाला घाम येईल. पण नाना शेजारी बसून पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. देवरे घराण्याची मूठ भरली पाहिजे, म्हणायचे.

नाना माझे जन्मदाते नव्हेत. माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले. आई बालवाडीत शिकवून मला वाढवत होती, तिथं नानांनी तिला मागणी घातली. त्यांची पहिली बायको मूलबाळ न होता वारली होती. विधवेशी, तेही एका पोराच्या आईशी लग्न केलं म्हणून खानदेशातल्या त्यांच्या घरानं, म्हणजे थोरल्या भावानं, आबांनी, संबंध तोडले. नानांनी त्याची पर्वा केली नाही. मला सायकल शिकवली, गोवरात रात्र रात्र उशाशी बसले, शाळेत माझ्या नावापुढं स्वतःचं नाव लावलं. मी त्यांच्यावर जीव टाकत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मग भूषण झाला, माझा धाकटा भाऊ, आणि आबांचा राग एकदम विरघळला. श्रावणात कानबाईला घरी या, असा निरोप आला. माझ्याकडं बघून कुणाचा राग इतकी वर्षं का विरघळला नव्हता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

कानबाई म्हणजे खानदेशची देवी. नारळाला नथ, डोरलं, बांगड्या घालून तिला घरात बसवतात, एक दिवस ठेवून नदीवर पोचवून येतात, आणि मग घरातली माणसं रोट खातात. रोट म्हणजे जाड गोड पोळी, पण कुणीही खावी अशी नव्हे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू कोऱ्या सुपात पडतात, हीच मोजणी, त्याच गव्हाचं पीठ होतं, आणि ते रोट त्या घराण्याखेरीज कुणाच्या तोंडी लागत नाहीत. देवऱ्यांच्या घरात त्याला आणखी एक नियम होता, आबांच्या गावी, बोरखेड्याला पोचलो त्या रात्री नानांनीच मला समजावून सांगितला. मूठ ज्याची त्यानं टाकायची. जो सुपाजवळ येऊन हात पुढं करील, त्याला नाही म्हणायचं नाही. जो हजर नसेल त्याची दुसऱ्यानं टाकायची नाही. बाळ असेल तर बाप त्याचा हात धरतो.

“म्हणजे मी नुसता तिथं उभा राहिलो की झालं?” मी विचारलं होतं.

“झालं,” नाना म्हणाले होते. “मग तू कायमचा देवरे.” असं म्हणून ते बराच वेळ छताकडं बघत पडून राहिले होते.

तर सकाळी दारात जीप उभी. जीप लोटनरावांची, म्हणजे नानांची बहीण सिंधूआत्या, तिच्या नवऱ्याची. आत्या माहेरी आली होती. अंगानं किरकोळ, बोलायला तिखट. आईनं मला नवा सदरा घातला, गुंड्या लावल्या. गुंड्या लावताना ती माझ्याकडं बघत नव्हती. भूषण रडत होता म्हणून असेल, असं मला वाटलं.

“तू येत नाहीस?”

“बाळाला घेऊन कुठं येऊ?” आई म्हणाली. “आत्याला त्रास देऊ नकोस.”

आम्ही निघालो. लोटनराव गाडी चालवायचे आणि बोलायचे, दोन्ही सारख्याच वेगानं. चाळीसगावात त्यांनी मला गरम जिलबी घेऊन दिली. घाट चढायला लागलो तसं धुकं आलं, कडेला मक्याची कणसं भाजत बसलेल्या बायका दिसायला लागल्या. लोटनरावांनी जीप थांबवली, तिखटमीठ चोळलेलं मोठं कणीस माझ्या हातात दिलं. मी ते डाव्या हातात घेतलं.

“डावखुरा आहेस का रे?” आत्यानं विचारलं.

“नाही. उजव्या हाताला तिखट लागेल. संध्याकाळी मूठ टाकायची आहे.”

आत्यानं लोटनरावांकडं पाहिलं. लोटनरावांनी धुक्याकडं पाहिलं.

“केवढी आहे बघू तुझी मूठ,” आत्या म्हणाली. मी दाखवली. तिनं ती आपल्या हातात घेतली, उलटसुलट केली, आणि सोडून दिली. “चांगली आहे,” एवढंच म्हणाली आणि कणीस खायला लागली.

तो दिवस सुंदर होता, हे मी आजही कबूल करतो. पितळखोऱ्याची लेणी खोल दरीत आहेत. पायऱ्या उतरत गेलो की पाण्याचा आवाज मोठा होत जातो. ओढा भरून चालला होता. समोरचा कडा ढासळलेला, अर्धी लेणी पावसानं खाऊन टाकलेली. पण खाली हत्तींची ओळच्या ओळ कोरलेली, जणू सगळी लेणी त्यांनीच पाठीवर घेतलीत. त्यांच्या बाजूला एक दार, दाराच्या दोन्ही अंगांना दोन दारपाळ उभे, अंगात चांगले भरलेले, हातात शस्त्रं. मी धावत जाऊन त्यांच्या मधे उभा राहिलो. लोटनराव टाळ्या वाजवून हसले.

लेण्यांचा रखवालदार बिडी ओढत बसला होता. त्यानं विचारलं, “कोना पोऱ्या शे रे तू?”

“देवरे,” मी ओरडून सांगितलं. “मुकुंद देवरे. बोरखेड्याचे देवरे.”

आत्या पायरीवर बसली होती. ती हसली. त्या हसण्यात काहीतरी होतं. मी खाली तिच्याजवळ गेलो.

“काय झालं?”

“काही नाही. मी पण बोरखेड्याची देवरे. होते.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मुकुंदा, आपल्या जीपमध्ये कोण कोण बसलंय, सांग.”

“मी, तू, लोटनमामा.”

“आता सांग, या तिघांतल्या कुणाला रोट चालतो?”

मला प्रश्न कळला नाही. तिनं तो सोपा करून सांगितला, भाजी निवडावी तसा.

“मी त्या घरात जन्मले. लग्न झालं, रोट बंद. लेक सासरी गेली की परकी, तिच्या तोंडी रोट लागत नाही. आमचे हे तर जावई, त्यांचा प्रश्नच नाही. मला मोजणी बघवत नाही, म्हणून दरवर्षी त्या दिवशी मी यांना घेऊन कुठंतरी बाहेर पडते. यंदा तुला सोबत दिलंय.”

“पण मला आहे. मी सुपाजवळ उभा राहणार. नाना हात धरणार आहेत संध्याकाळी.”

“संध्याकाळी कुठली रे मोजणी?” आत्या म्हणाली. “मोजणी सकाळी असते. गिरणी धुऊन ठेवलेली असते, पहिलं दळण आपलं. आत्तापर्यंत पीठ घरी आलंसुद्धा असेल.”

“खोटं.”

“सुपाजवळ आलेल्याला नाही म्हणता येत नाही ना? म्हणून तर तुला सुपाजवळ येऊ द्यायचं नव्हतं. आबानं अटच घातली होती. धाकट्याला आण, मोठ्याला मोजणीत आणू नकोस. नानानं मला काल हात जोडून सांगितलं, दिवसभर फिरव, काय मागेल ते खाऊ घाल, उजेड असेतो आणू नकोस.”

“खोटं बोलतेस तू. आईला माहीत असतं तर—”

“सदरा कुणी घातला तुला सकाळी?”

लोटनराव म्हणाले, “अगं, पोर आहे ते. कशाला?”

“मला कुणी सांगितलं नव्हतं,” आत्या म्हणाली. “लग्न झाल्यावर पहिल्या श्रावणात हौसेनं आले. पंगतीत बसले. पुढं हात केला तेव्हा कळलं. त्यापेक्षा हे बरं.”

मी तिला चावलो. खरंच चावलो, मनगटाला. तिनं हात ओढून घेतला नाही. मग मी पायऱ्या चढून वर पळालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो, आत्ता घरी चला म्हणून. लोटनराव आले, शेजारी बसले, किल्ली बोटात फिरवत राहिले. फार चांगला माणूस. पण जीप काही त्यांनी घराकडं वळवली नाही.

वाटेत एका ढाब्यावर शेवभाजी मागवली. लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात जाड शेव, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. मी ताटाला हात लावला नाही.

“खा,” आत्या म्हणाली. तिच्या मनगटावर माझे दात उमटले होते. “मी त्या वर्षी उपाशी राहिले होते. कुणी विचारलं नाही. खा मुकाट्यानं.”

मी खाल्लं. भूक लागली होती, आणि शेवभाजी फक्कड होती. त्याचा मला आजही राग येतो.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओट्यावर नाना बसले होते, मांडीवर भूषण. भूषणच्या चिमुकल्या मुठीत दोन-तीन गव्हाचे दाणे चिकटलेले होते आणि तो ते तोंडात घालायला बघत होता. आतून ताज्या पिठाचा वास येत होता.

मी नानांसमोर उभा राहिलो. “माझी मूठ?”

नाना क्षणभरही अडखळले नाहीत. “घातली की. सगळ्यांत आधी तुझीच.”

“पण ज्याची त्यानं टाकायची असते.”

“आबांना विचारून टाकली. तू लांब गेला होतास ना, म्हणून. मोजणी ऐनवेळी लवकर करावी लागली रे.” त्यांनी मला जवळ ओढलं. “लेणी कशी होती? हत्ती बघितलेस?”

आणि मी विश्वास ठेवला. नियम मला तोंडपाठ होता, आत्यानं सगळं उलगडून सांगितलं होतं, डोळ्यांसमोर भूषणच्या मुठीत दाणे होते. तरी मी विश्वास ठेवला, कारण सांगणारे नाना होते. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. मी धावत जाऊन आत्याला म्हणालो, “खोटारडी. नानांनी घातलीय माझी मूठ. सगळ्यांत आधी.”

आत्या वाती वळत होती. ती वळतच राहिली. दुसऱ्या दिवशी कानबाई बसली, रात्रभर बायका गात होत्या, मी देवीसमोर पुढं बसून टाळ्या वाजवल्या. आई मधूनमधून माझ्याकडं बघायची आणि बघतेय असं कळलं की कामाला लागायची.

सोमवारी देवीला नदीवर पोचवून सगळे परत आले. पंगत मांडली. देवऱ्यांचे पुरुष आणि पोरं एका ओळीत, घरच्या सुना मागं. मी चुलत भावांच्या मधे जाऊन बसलो. नानांनी मला पाहिलं. त्यांना तेव्हाच उठवता आलं असतं, एखादं निमित्त काढून. त्यांनी मान खाली घातली.

आबा स्वतः रोट वाढत होते. धोतराचा सोगा खोचलेला, हातात परात. माझ्यापर्यंत आले आणि थांबले.

“याले कोनी बसाडं आठे?”

मीच बोललो. “माझी मूठ टाकलीय आबा. नानांनी टाकली.”

आबा तसे वाईट नव्हते. माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त भावाकडं पाहिलं आणि विचारलं, “नाना, यानी मूठ पडेल शे का?”

अख्खी पंगत नानांकडं बघत होती. मागं आईच्या मांडीवर भूषण होता. आईनं रोटाचा एवढासा तुकडा दुधात कुस्करून बोटावर घेतला होता, ते बोट तसंच हवेत राहिलं.

“नाही,” नाना म्हणाले.

“मोठ्यानं सांग. देवीचं काम शे.”

“नाही. याची मूठ नाही.” मग माझ्याकडं न बघता, “ऊठ मुकुंद. बाहेर जा. आत्या आहे तिथं.”

मी उठलो. पंगतीतून बाहेर जायचं म्हणजे सगळ्यांच्या पाटांमागून भिंतीला घासत जावं लागतं. कुणीतरी एक चुलत भाऊ फिसकन हसला, त्याला कुणीतरी चापट मारली. दाराशी मी एकदा वळून पाहिलं. आबा पुढं सरकले होते. नाना रोट मोडत होते. आणि आईचं बोट भूषणच्या तोंडात होतं.

बाहेर ओट्यावर आत्या आणि लोटनराव पुरणपोळी जेवत होते. आत्यानं मला जागा करून दिली, माझ्या ताटात पोळी वाढली, वर स्वतःच्या वाटीतलं तूप ओतलं. मी तिला दोन दिवसांपूर्वी चावलो होतो, खोटारडी म्हणालो होतो. ती म्हणाली, “जेव.”

नानांनी त्या दिवसाबद्दल पुढं कधी काही काढलं नाही, आईनंही नाही. नानांनी मला शिकवलं, नोकरीला लावलं, माझ्या लग्नात हौसेनं फेटा बांधून मिरवले. लोक म्हणतात, सख्खा बाप एवढं करत नाही. खरं आहे. दर श्रावणात ते आईला आणि भूषणला घेऊन बोरखेड्याला जायचे आणि मी नाशिकला अभ्यास करायचो.

आता आबा नाहीत, आई नाही, सिंधूआत्याही गेली. भूषण ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला, फोनवर मुलांची तोंडं दाखवतो. नाना माझ्याकडं असतात. पाय अधू झालेत, पण डोकं अगदी शाबूत आहे. मागच्या श्रावणात एका सकाळी चहा पिताना म्हणाले, “मुकुंदा, यंदा मला कानबाईला ने. एकदा रोट खातो आणि मग मोकळा झालो.”

“नेतो की,” मी म्हणालो.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी निघालो, वाटेत एका लॉजवर उतरलो. आबांचा मुलगा आता घरचं सगळं बघतो. त्याला मी फोन करून टाकला, नानांना झेपणार नाही, यंदा वाट बघू नका. शनिवारी सकाळी नाना पांढरं धोतर नेसून तयार होते. मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. गाडी बोरखेड्याच्या फाट्यावरून पुढं गेली तेव्हा ते सावरून बसले.

“फाटा मागं राहिला रे.”

“मोजणी संध्याकाळी आहे,” मी म्हणालो. “तोवर आपण लेणी बघून परत येऊ.”

नाना माझ्याकडं बघत राहिले. मोजणी केव्हा असते हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. बोलणार तरी काय? वाक्य त्यांचंच होतं.

मी त्यांची काहीही कमी ठेवली नाही. गरम जिलबी खाऊ घातली. घाटात कणीस घेतलं, दात नाहीत म्हणून दाणे सोलून एकेक दिले. लेण्यांच्या पायऱ्या त्यांना उतरवत नव्हत्या, म्हणून वरच कठड्याजवळ खुर्ची मांडून बसवलं आणि खाली काय काय आहे ते सगळं सांगितलं. हत्ती सांगितले. दाराशी दोन दारपाळ आहेत, आत कुणाला सोडायचं ते बघतात, हेही सांगितलं. मग ढाब्यावर शेवभाजी मागवली. त्यांना तिखट सोसत नाही, तर रश्श्यात दूध घालून घेतलं. हनुवटीवर ओघळ आला तो मी रुमालानं पुसला. ढाब्यावरचा पोऱ्या म्हणाला, काका, नशीबवान आहात, असा मुलगा मिळाला.

“हो,” नाना म्हणाले.

परत घाट उतरलो तेव्हा सूर्य कलला होता. फाट्याजवळ मी गाडी हळू केली. झाडांपलीकडं बोरखेड्याची घरं दिसत होती. या वेळेला पीठ घरी येऊन कोऱ्या फडक्यात बांधून ठेवलेलं असणार.

“मुकुंदा,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. “माझी मूठ?”

“घातली की,” मी म्हणालो. “सगळ्यांत आधी तुमचीच.”

त्यांचा उजवा हात मांडीवर होता. बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठा वर दाबलेला, मला शिकवली होती अगदी तश्शी. मी तिकडं नीट पाहिलं, पोटभर पाहिलं, आणि गाडी नाशिकच्या रस्त्याला लावली.